महापालिकेच्या शाळेतून खासगी हायस्कुलात : आठवीला जाण्याआधी

सोलापुरातल्या आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मे महिना लागला की घरोघरी एकच विषय. पोराची सातवी झाली, आता कुठं घालायचं? महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवीलाच संपतात, त्यामुळं शाळा बदलणं कुणाला चुकत नाही. मी मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेतून शहरातल्या एका नावाजलेल्या खासगी शाळेत, सेमी इंग्रजीच्या तुकडीत गेले. आता गल्लीतल्या पोरांचे फॉर्म भरायला मलाच बोलावतात. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढतेय.

ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच गणवेशात दोन्ही असू शकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. अनुदानित तुकडीत आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार मिळतो, विनाअनुदानितमध्ये नाही. त्याहून मोठा फरक एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा. आठवीत होणारी ही परीक्षा सरकारी, महापालिका-झेडपीच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असते. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. हुशार पोरगं आठवीला विनाअनुदानित शाळेत घातलं, की हा दरवाजा बंद झाला. हे फीच्या पावतीवर कुणी छापत नाही.

‘आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, फुकट होईल’ ही आशाही सोडा. 25 टक्क्यांच्या जागा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गासाठी असतात, थेट आठवीत तो प्रवेश नसतो. त्याच कायद्यातली एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. तरी कुठं कुठं ‘जरा लेव्हल बघतो’ म्हणून पेपर पुढं करतात.

आता अभ्यासाचं. मुलं हुशारीत मागं पडतात असं मला तरी दिसलं नाही. जुन्या शाळेत अभ्यास वर्गातच व्हायचा, बाई फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. नव्या शाळेत वर्गात फक्त सुरुवात होते, बाकीचं घरी. घरी कुणीतरी शिकलेलं माणूस बसलंय असं शाळा धरूनच चालते. आमच्या घरी संध्याकाळी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजार विड्या द्यायच्या असायच्या. माझी डायरी तिच्या शेजारी पडलेली असायची, पानांना तंबाखूचा वास. ‘पालकांची सही’ या रकान्यात ती तेलुगूत सही करायची. ‘पालकांनी सराव करून घ्यावा’ असा शेरा आला की मी तो तिला वाचून दाखवायचे आणि ती विचारायची, “मग तुला कुणाला विचारायचंय ते सांग.”

प्रश्न तोच होता. ट्यूशनला पळण्याआधी विचारायला एक माणूस शोधा. वरच्या वर्गातली अक्का असो, जुन्या शाळेतल्या बाई असोत. मला वर्गातल्या एका मुलीचा उपयोग झाला, तिला गणित जमत नव्हतं आणि मला इंग्रजी. मधल्या सुट्टीत आमची देवाणघेवाण चालायची.

सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. शाळा राज्य मंडळाची असेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मे महिन्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं मोबाइलवर उतरवा आणि प्रकरणाला प्रकरण लावून बसा. गणित तेच, फक्त शिरोलंबाला अल्टिट्यूड म्हणायचं आणि मध्यगेला मीडियन. माझ्या मते सुट्टीत आठवीचं पुस्तक पुढं रेटण्यापेक्षा सातवीचंच इंग्रजीतून वाचणं जास्त फायद्याचं. आशय येत असतो, तेव्हा डोक्यावर भाषेचंच ओझं राहतं. सीबीएसई शाळेला हा उपाय लागू पडत नाही, तिथली पुस्तकं वेगळी.

बोलण्याचंही थोडं होतं. ‘काय करायलास बे’ म्हणणारी मी पहिले काही आठवडे गप्पच बसले. मग कळलं, तासाला प्रमाण मराठी बोलणारी पोरंही मैदानावर ‘बे’च म्हणतात. मैत्रीला उशीर लागतो, पण होते.

फीबद्दल एवढंच : पालक-शिक्षक संघाच्या सभेला जा. खासगी शाळेची फी 2011 च्या शुल्क कायद्याप्रमाणे संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते. रोजगार बुडतो म्हणून आपल्याकडचे पालक जात नाहीत आणि मग वर्षभर कुरकुरत राहतात.

आई विडी कामगार असेल तर तिचं ओळखपत्र जपून ठेवा. मुलांच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याची ऑनलाइन पडताळणी शाळेनं करायची असते. ‘आमच्याकडं असे अर्ज येत नाहीत’ असं ऐकायला मिळालं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि दाखला. आपली तेलुगू आडनावं मराठीत कुणी कशीही लिहितं, आधारवर एक आणि रजिस्टरला एक. दाखला हातात घेण्याआधी जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडायला लावा, नाव आणि जन्मतारीख स्वतः वाचा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथंच द्या. पुढं दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर हेच नाव जातं.