गिल गेलं होतं, मग परत आलं कधी?

गिल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, पायथनच्या आतलं एक कुलूप) म्हणजे काय, ते एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) बाइटकोड का चालवू देतं, आणि म्हणून पायथनमध्ये आठ थ्रेड सोडले तरी सीपीयूचा एकच कोअर का घाम गाळतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. गिल ऐच्छिक करण्याचा सॅम ग्रॉस यांचा प्रस्ताव, पेप ७०३, पायथनच्या स्टीअरिंग कौन्सिलने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वीकारला. ७ ऑक्टोबर २०२४ ला पायथन ३.१३ सोबत गिलशिवाय चालणारा ('फ्री-थ्रेडेड') पायथन 'प्रायोगिक' म्हणून आला आणि बरोबर एका वर्षाने ३.१४ मध्ये 'प्रायोगिक' हा शिक्का निघाला. आता त्याला अधिकृत पाठिंबा आहे, पण तो वेगळा बिल्ड (वेगळी बांधलेली आवृत्ती) आहे, नेहमीच्या पायथनमध्ये गिल अजून तसंच आहे. एवढं पुरे. पुढचं सगळं माझ्या फजितीबद्दल आहे.

मी साताऱ्याची, नोकरी पुण्यात. आमच्याकडे दर शुक्रवारी कुणीतरी नवीन काहीतरी दाखवायचं अशी पद्धत आहे. माझा नंबर आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ३.१३ चा 'टी'वाला, म्हणजे गिलशिवायचा, बिल्ड टाकला, आमची लॉग वाचायची जुनी स्क्रिप्ट चार थ्रेडमध्ये वाटली आणि वेळ मोजला. एका थ्रेडला ४२ सेकंद. चार थ्रेडना ४४. तीनदा चालवून पाहिलं, तेच. मग स्लाइडवर लिहिलं: 'फ्री-थ्रेडिंगचा प्रत्यक्षात फायदा नाही.' लीडनी मान डोलावली. मला वाटलं, वा, जगाच्या विरुद्ध मत मांडलं आपण.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. स्क्रिप्टमध्ये तारखा ओळखण्यासाठी एक लहानशी लायब्ररी वापरली होती, तिचा आतला भाग सी मध्ये. तिच्या रेपोत (कोड ठेवलेल्या जागी) जाऊन मी इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला, आणि सूर असा की जणू मेंटेनरने, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याने, माझे पैसे बुडवलेत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी. 'स्क्रिप्ट संपताना गिल चालू आहे का ते छापून बघा. माझ्या अंदाजाने आहे.'

मला रागच आला. टीवाला बिल्ड आहे, व्हर्जन छापलं तर त्यात 'फ्री-थ्रेडिंग बिल्ड' असं स्पष्ट लिहून येतं, आणि हा माणूस मला गिल विचारतोय! तरी छापलं. ट्रू. म्हणजे गिल चालू.

आता इथे मी जरा जास्तच खोलात जाणार आहे. कंटाळा आला तरी वाचा, कारण मी यात दोन आठवडे घालवले.

फ्री-थ्रेडेड बिल्ड सुरू होतो तेव्हा गिल बंद असतं. पण सी मध्ये लिहिलेलं एखादं मॉड्यूल इम्पोर्ट झालं आणि 'मला गिलशिवाय चालतं' असं त्याने जाहीर केलेलं नसलं, तर इंटरप्रिटर सावधगिरी म्हणून गिल चालू करतो. फक्त त्या मॉड्यूलपुरतं नाही, तर अख्ख्या प्रोसेससाठी, आणि प्रोसेस संपेपर्यंत. तुम्ही त्या मॉड्यूलचं एकच फंक्शन एकदाच वापरा किंवा वापरूच नका, इम्पोर्ट झालं की खेळ संपला. व्हर्जन मात्र 'फ्री-थ्रेडिंग बिल्ड' असंच सांगत राहतं, कारण बिल्ड तोच आहे. बिल्ड कोणता ही एक गोष्ट आणि या क्षणी गिल चालू आहे की नाही ही दुसरी. त्यात कॉन्फिगमध्ये 'पाय गिल डिसेबल्ड' नावाचा एक फ्लॅग आहे. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हाच तपासायचा. तो फक्त बिल्डबद्दल बोलतो. खरी स्थिती कळते ती सिस मॉड्यूलमधल्या, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या 'इज गिल एनेबल्ड' या फंक्शनने. आणि ते एकदा विचारून भागत नाही. सुरुवातीला विचारा, सगळे इम्पोर्ट झाल्यावर विचारा आणि अगदी शेवटी विचारा. कित्येक लायब्ररी फंक्शनच्या पोटात उशिरा इम्पोर्ट करतात, त्यामुळे गिल मध्येच कधीतरी गुपचूप परत येतं.

गुपचूप म्हणजे तसं गुपचूप नाही. पायथन वॉर्निंग देतो, मॉड्यूलच्या नावासकट. मग मला ती का दिसली नाही? माझ्या स्क्रिप्टची दुसरी ओळ होती सगळ्या वॉर्निंग 'इग्नोर' करणारी. कोरोनाच्या काळात मशीन लर्निंगचा एक कोर्स केला होता, त्यातल्या पहिल्या नोटबुकच्या वरच्या कोपऱ्यात ती ओळ होती. तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक फाइलमध्ये येतेय, देवघरात कुणीतरी ठेवलेल्या आणि कुणीच न हलवलेल्या फोटोसारखी. तुमच्याकडेही असेल. आत्ता शोधा आणि काढा. मला बाकी कशाचा राग नाही, पण पहिल्याच धड्यात नवख्या मुलांना वॉर्निंग झाकायला शिकवणाऱ्यांचा आहे.

सोमवारी लीडना सांगितलं की माझी स्लाइड चूक होती. ते म्हणाले, "बरं झालं बोललीस, मी ती पुढे पाठवणार होतो." पोटात गोळा आला. पण त्यांनी त्यावर एवढंच म्हटलं, पुढे विषय काढला नाही. चूक कबूल केल्याने नोकरी जात नाही, निदान माझी तरी गेली नाही.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. पुढची शहाणपणाची.

त्या लायब्ररीला फक्त 'गिल नॉट यूज्ड' असा स्लॉट, म्हणजे 'मला गिलशिवाय चालतं' ही जाहीर नोंद, हवा होता. एक ओळ. मी ती टाकली, घरीच बिल्ड केलं, चार थ्रेडना १३ सेकंद! वॉर्निंग गेली, टेस्ट पास. रात्री साडेबाराला पीआर (पुल रिक्वेस्ट, माझा बदल घ्या अशी विनंती) टाकला आणि झोपच येईना. मेंटेनरचा प्रश्न आला: 'फाइलच्या वरच्या बाजूला स्टॅटिक कॅशे (सगळ्या थ्रेडना सामाईक साठा) आहे. दोन थ्रेड एकाच वेळी त्यात लिहायला लागले तर काय होईल?'

मी ती फाइल वरून वाचलीच नव्हती.

तो स्लॉट म्हणजे नुसतं प्रतिज्ञापत्र. 'घर भूकंपाला टिकेल' असं स्टँपपेपरवर लिहून दिलं म्हणून खांब जाड होत नाहीत, कोयनेच्या टापूत वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं. आजवर सी कोडमधल्या असल्या कॅशेला गिल फुकटात राखण करत होतं. गिल गेल्यावर एक थ्रेड 'जागा रिकामी आहे का' पाहतो, तोवर दुसरा तिथे लिहून मोकळा झालेला असतो. दुसरी गोम उसन्या रेफरन्सची (रेफरन्स म्हणजे वस्तूकडे बोट दाखवणारी खूण). लिस्टमधून वस्तू काढून देणारं जुनं सी फंक्शन तुम्हाला मालकी देत नाही. तुम्ही ती हातात धरलेली असताना दुसऱ्या थ्रेडने लिस्टमधून ती काढली की मेमरी मोकळी, आणि तुमच्या हातात हवा. ३.१३ पासून मालकीसह रेफरन्स देणारं वेगळं फंक्शन आहे, ते वापरायचं. साध्या पायथनमध्ये लिस्टला अपेंड करणं अजूनही सुरक्षित आहे, प्रत्येक लिस्टला आतून स्वतःचं लॉक असतं. पण काउंटरमध्ये एक मिळवणं सुरक्षित नाही. खरं तर गिल असतानाही त्याची हमी नव्हती, आपलं नशीब चांगलं होतं इतकंच.

मग मी एआयला विचारलं. त्याने प्रत्येक फंक्शनभोवती एकच लॉक गुंडाळून दिलं. कोड बरोबर होता. वेळ? पुन्हा ४० च्या वर. घरातलं गिल काढून दारात बसवलं होतं. एआय वापरू नका असं म्हणत नाही, मीही वापरते, पण दोन थ्रेड नेमके कुठे भिडतात हे तुम्हाला बोटाने दाखवता येत नसेल तर पीआर टाकू नका. तो तपासायला पलीकडे जो माणूस बसतो, तो बहुतेक वेळा रात्रीची झोप मोडून फुकट बसतो.

मेंटॉरबद्दलही माझं एक मत झालंय, पटलं तर घ्या. फटाफट कोड लिहून देणारा मेंटॉर नको. तीन दिवसांनी एकच प्रश्न विचारणारा बरा. तेव्हा तो मेंटेनर मला खडूस वाटला होता.

इतकं वाचून घाबरला असाल तर हे ऐका. लॅरी हेस्टिंग्ज यांच्यासारख्या मुरलेल्या कोअर डेव्हलपरने २०१६ च्या सुमारास गिल काढायचा घाट घातला होता, 'गिलेक्टमी' नावाने. गिल निघालं, पण रेफरन्स मोजण्यातच (कोणती वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची पायथन ठेवतो ती मोजणी) सगळे थ्रेड एकमेकांच्या पायात येऊन प्रोग्रॅम आणखी रेंगाळायला लागला. ग्रॉस यांच्या पद्धतीत वस्तू ज्या थ्रेडने बनवली त्याला मोजणी स्वस्तात करता येते, इतरांना महाग पडते, म्हणून यावेळी जमलं. तरीही ३.१३ मध्ये एकथ्रेडी कोड साधारण ४० टक्के मंद होता. ३.१४ मध्ये ते ५ ते १० टक्क्यांवर आलं. तेव्हा शिकायचं तर ३.१४ वरच शिका, ३.१३ चे जुने आकडे घेऊन कुणाशी वाद घालू नका.

आणि कामाला तोटा नाही. रीडमीतला स्वल्पविराम हलवून 'कॉन्ट्रिब्यूटर' व्हायची गरज नाही, तसल्या पीआरने मेंटेनर वैतागलेत. तुम्ही रोज वापरता अशी, सी चा अंश असलेली एक लहान लायब्ररी निवडा. ३.१४ टी वर तिचं व्हील (तयार बांधलेलं पॅकेज) मिळतं का बघा. मिळालं तर तिच्याच टेस्ट अनेक थ्रेडमध्ये चालवा, त्यासाठी 'पायटेस्ट रन पॅरलल' हे प्लगइन आहे. काही फुटलं तर कसं फुटलं ते नीट लिहून इश्यू टाका. सी येत नसलं तरी इथपर्यंत जमतं. आणि असा एक इश्यू माझ्या त्या एका ओळीच्या पीआरपेक्षा जास्त मोलाचा असतो.

माझा पीआर चार महिन्यांनी मर्ज झाला. स्लॉटची ती एक ओळ, कॅशेभोवती एक छोटं लॉक, दोन ठिकाणी बदललेला रेफरन्स आणि उरलेल्या सगळ्या टेस्ट. त्यातली एक टेस्ट अजून दोनशेत एखाद वेळी पडते, तीही फक्त माझ्याच लॅपटॉपवर. शनिवारी परत तिच्याकडे बसणार आहे.