सोलापूरहून घाटाकडे निघताय? जंगलातल्या पहिल्या मुक्कामापासूनच या चुका टाळा

सोलापूरच्या ड्रायव्हरला घाट माहीत नसतो, हे आधी मान्य करू. पुण्याकडे जा, विजापूरकडे जा नाहीतर हैदराबादकडे, रस्ता सपाट आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. मध्ये एखादा उड्डाणपूल लागला तर तोच काय तो चढ. या सवयीचे चार-पाच मित्र एकत्र येतात, राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटाने कोकणात उतरायचा बेत आखतात आणि पहिला मुक्काम जंगलातल्या इको-रिसॉर्टवर ठेवतात. बेत एकदम बरोबर आहे. मीही मित्रांबरोबर निघालो की असाच ठेवतो. फक्त तो मुक्काम तिथे का ठेवायचा, हे कुणी विचारत नाही. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर गाडी मारून दमलेल्या माणसाने त्याच दिवशी घाट उतरू नये, रात्रभर झोपावं आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी स्टिअरिंग धरावं, म्हणून तो मुक्काम. दाजीपूर घाटमाथ्यावरच आहे. तिथून निघालं की थोड्याच वेळात उतार सुरू. म्हणजे झोप झाली नसेल तर सुधारायला मध्ये सपाट रस्ताही मिळत नाही.

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

"सातला निघू"

सोलापुरात सातला निघू म्हणजे साडेनऊ. एकाला जुळे सोलापुरातून घ्यायचं, दुसरा होटगी रोडला, तिसरा सात रस्त्यावर उभा आहे म्हणतो आणि अजून घरीच असतो. मग नाश्ता. मग कुणाला तरी आठवतं की हवा भरायची राहिली. मंगळवेढ्याला चहा, सांगोल्याला पुन्हा चहा. कोल्हापुरात शिरलात की तांबडा-पांढरा, अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळ्यावर फोटो ठरलेले. तोवर सूर्य मावळायला आलेला असतो आणि मॅप सांगत असतो, अजून दीड-दोन तास.

मॅपचं ऐकू नका. सोलापूर ते कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता रुंद, चार-साडेचार तासांचं काम. पुढे राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि त्यापुढे दाजीपूर. या शेवटच्या तुकड्यात वळणं, गावं, उसाच्या ट्रॉल्या आणि धुकं. अंतर कमी, म्हणून वेळ कमी, हा हिशेब इथे चालत नाही.

आमच्या गल्लीतल्या पोरांचं काय झालं ते सांगतो. अकरानंतर घर सोडलं, कोल्हापूर सोडताना दिवे लागले होते. राधानगरी मागे पडलं आणि धुकं उतरलं. एका वळणानंतर रस्त्यावर गवे. हे अभयारण्य १९५८ मध्ये झालं तेच गव्यांसाठी, तेव्हा गवे रस्त्यात दिसले यात नवल काही नाही. नवल हे की चालवणाऱ्याने हाय बीम मारला आणि हॉर्नवर हात दाबून धरला. मोहोळच्या नाक्यावर म्हैस आडवी आल्यासारखं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्यातला एक वळून गाडीकडे तोंड करून उभा राहिला. पोराने घाबरून रिव्हर्स टाकला, मागचं चाक रस्त्याकडेच्या चरीत गेलं, गाडी पोटावर बसली. मोबाइलला रेंज नाही. खाली उतरायची हिंमत नाही. रात्रभर पाच जण काचा लावून गाडीत बसून राहिले, पहाटे दुधाचा टेम्पो आला, त्याने दोर बांधून ओढून काढलं. रिसॉर्टवर पाच माणसांचा स्वयंपाक झाला होता, तो वाया गेला. पैसे आधी भरलेले, तेही गेले. आणि त्याच सकाळी, झोप न झालेल्या डोळ्यांनी, हे शूर फोंडा घाट उतरले! सुखरूप उतरले म्हणून आता ही गोष्ट हसत सांगतात.

गवा आडवा आला तर गाडी लांब थांबवा, डिपर खाली करा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नको, काच खाली करून व्हिडिओ तर अजिबात नको. एक गेला की लगेच पुढे घुसू नका. मागून कळप येतो, कळपात पिल्लं असतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, लागतील तेवढी द्या. तो रस्ता त्यांचा आहे, आपण उशिरा आलो हा आपला प्रश्न.

माझी पद्धत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. पहाटे पाचला गाडी हलते. आदल्या रात्री सगळे एकाच घरी झोपायला येतात, म्हणजे "निघालोच" हा फोनच नको. नाश्ता सांगोल्याच्या पुढे. कोल्हापुरात जेवायला थांबायचं नाही, तांबडा-पांढरा परतीच्या वाटेवर. दुपारचं जेवण रिसॉर्टवर, म्हणजे उजेडात पोहोचलो, रस्ता बघून झाला, सकाळी कुठून बाहेर पडायचं ते कळलं.

रिसॉर्टला हॉटेल समजणं

जंगलातल्या या जागांवर माणसं मोजून स्वयंपाक होतो. रात्री दहाला "एक चिकन सिक्स्टीफाय" ओरडून काही होत नाही. वीज सोलरवर असेल तर गीझर, एसी आणि पाच फोनचे चार्जर एकदम चालत नाहीत. गाडीतल्या स्पीकरवर गाणी लावणाऱ्यांबद्दल मी न बोललेलंच बरं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी जरूर न्या, पण तंबूत उघडी ठेवू नका, मुंग्या आणि माकडं दोघांनाही ती आवडते. मे अखेरीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी हेडलाइट आणि टॉर्च बंद ठेवावेत. उजेडात काजवे दिसत नाहीत, एवढं साधं आहे. पावसाळ्यात अभयारण्यातली सफारी बंद असते, हे बुकिंगआधी विचारा, पोहोचल्यावर गाइडशी भांडू नका.

रात्रीच्या बैठकीबद्दल मात्र एक हिशेब सांगतो, कारण "सकाळी अंघोळ केली की उतरतं" असं म्हणणारे फार भेटतात. अंघोळीने उतरत नाही, कॉफीनेही नाही. शरीर दारू आपल्या वेगानेच काढतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. दोनपर्यंत बसलेला माणूस सातला घाटात उतरला तर तो कायद्याच्या हिशेबाने अजून प्यालेलाच असू शकतो. आमच्यात चालवणारा आदल्या रात्री ताकावर असतो. त्याला वाईट वाटतं. वाटू दे.

न्यूट्रलमध्ये घाट उतरणं

या चुकीवर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती करणारा स्वतःला हुशार समजतो.

आम्ही दोन गाड्यांनी होतो. पुढे मित्राची सात सीटची डिझेल गाडी, सात माणसं, छतावर कॅरिअर आणि त्यावर सामान. मी मागच्या गाडीत. फोंडा घाटाला लागल्यापासून पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट विझेचना. फोन लावला तर म्हणतो, "न्यूट्रल टाकलोय बे, डिझेल वाचलालंय." मी गिअर टाक म्हणालो, तेवढ्यात रेंज गेली. दोन वळणांनंतर आमच्या गाडीत जळका वास यायला लागला, मग त्याच्या पुढच्या चाकांतून धूर दिसला. तिसऱ्या वळणावर गाडी वेगात आत गेली, डोंगराच्या बाजूच्या गटारीला चाक घासत घासत थांबली. दरीच्या बाजूला वळण असतं तर हा लेख मी वेगळ्या स्वरात लिहिला असता. खाली उतरल्यावर पठ्ठ्या पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला होता, ओतायला!

आता डिझेलचं. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात इंधन जवळजवळ बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला वाचवत नाही, जास्त जाळतो. वर गाडी रोखायचं सगळं काम ब्रेकवर टाकतो. ब्रेक तापतात, पॅडची पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की ही हद्द १४० पर्यंत खाली येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. पेडल मऊ लागतं ते यामुळे. इंजिन बंद करून उतरणारे तर धन्यच. ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होतं, किल्ली फिरली तर लॉकही होतं.

ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेल्या गाडीला फोंड्यासारख्या घाटात दुसरा-तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर डी वर ठेवून देऊ नका, एल, एस किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय, माहितीपत्रक उघडून बघा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडा.

वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकलं तर ती वाकते, तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, तापलेल्या चाकांवर हँडब्रेक करकचून ओढू नका, अर्धा तास तरी गप्पा मारा. चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि काहीच जमेना तर डोंगराची बाजू धरा. मित्राने शेवटचं तेवढं बरोबर केलं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. आपल्याकडे लोक गाडीला सेंटेड परफ्यूम दर महिन्याला आणतात आणि ब्रेक ऑइल गाडी विकेपर्यंत तेच.

बाकीच्या, थोडक्यात

हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे सोलापुरातच, निघण्याआधी. कोल्हापुरात पोहोचल्यावर टायर तापलेले असतात, आकडा जास्तच दिसतो. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. स्टेपनीतली हवाही बघा, आणि जॅकचं हँडल घरी चादरी ठेवायला जागा केली तेव्हा काढलं होतं का, तेही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. आपल्या पाण्यातले क्षार आत बसतात, आणि चढावर एसी लावून पाच जण घेऊन गेलात की काटा वर जातो. गेला तर एसी बंद, गाडी बाजूला, टोपी थंड झाल्यावरच उघडायची.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट. नियमही तोच आहे. कोकणातला एसटी ड्रायव्हर हे पाळतो, आपण मोठी गाडी घेतली म्हणून त्याच्यावर डिपर मारू नये.

धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत. लो बीम आणि फॉग लॅम्प. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावणाऱ्यांनो, तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, हे मागच्याला कसं कळायचं?

कुठला घाट चालू आहे हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा, आणि रिसॉर्टच्या मालकालाच विचारा. २०२४ मध्ये गगनबावड्याकडून कोकणात उतरणारा करूळ घाट कामासाठी बंद होता, तरी मॅपवर बघून तिथपर्यंत जाऊन परत फिरलेले लोक होते. पावसाळ्यात दरड पडली की हेच पुन्हा.

उलटी होणाऱ्याला पुढे बसवा, निघताना पुरी-भाजी चारू नका, मोबाइल काढून घ्या. चालवणाऱ्याला बहुधा मळमळत नाही, म्हणून तो इतरांची चेष्टा करतो. त्याला एकदा तिसऱ्या रांगेत बसवून बघा.

रोख पैसे. रेंज नाही म्हणजे यूपीआय नाही. डिझेल-पेट्रोल राधानगरीतच पूर्ण भरून घ्या, सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून घाटात येऊ नये.

दोन गाड्या असतील तर भेटायची ठिकाणं निघण्याआधी ठरवा, गावाचं नाव घेऊन: घाटाच्या तोंडाशी, मग खाली फोंड्यात. "फोन करतो" हा बेत घाटात चालत नाही. आणि पुढच्या गाडीने मागची दिसेनाशी झाली की थांबायचं, रुंद जागी. वळणावर नाही.