रात्रीच्या टेस्ट बॅच फाइलवर सोडताना

सांगलीत विश्रामबागेत आम्ही हळद-बेदाण्याच्या अडत्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. अडत, हमाली, तोलाई यांत एका पैशाचा फरक पडला तरी शेतकऱ्याची पट्टी चुकते. म्हणून पायटेस्टच्या (पायथन कोड आपोआप तपासणारं साधन) सगळ्या टेस्ट रोज रात्री चालतात, आणि त्या चालवते एक साधी बॅच फाइल, म्हणजे विंडोजने ओळीने चालवायच्या कमांडची फाइल.

नोटपॅडमध्ये पहिली ओळ ‘ॲट एको ऑफ’. दुसरी ‘सीडी स्लॅश डी’, पुढे अवतरणचिन्हांत टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). ही दुसरी ओळ फाइलला तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये नेते, ती गाळू नका. डबल क्लिक केलं तर फाइल आपल्याच फोल्डरमधून चालते. पण टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी विंडोजची सोय) ‘स्टार्ट इन’ रिकामं असेल तर ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते आणि टेस्ट सापडतच नाहीत.

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची (प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) ‘ॲक्टिव्हेट डॉट बॅट’. तिच्याआधी ‘कॉल’ हवंच. एका बॅच फाइलमधून दुसरी थेट चालवली तर कंट्रोल परत येत नाही, पुढच्या ओळी तशाच राहतात. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत असतील तर ‘पायथनयूटीएफ८’ हे व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) १ करा. नाहीतर लॉग फाइलमध्ये (टेस्टच्या निकालांची नोंद) लिहिताना एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची, एरर येते.

आता खरं महत्त्वाचं. पायटेस्ट संपताना एक आकडा देतं: ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही फेल, ५ म्हणजे एकही टेस्ट मिळाली नाही. हा आकडा विंडोजच्या ‘एररलेव्हल’ या व्हेरिएबलमध्ये येतो, पण पुढची कमांड तो पुसू शकते. लॉग सर्व्हरवर नीट कॉपी झाला की ‘एररलेव्हल’मध्ये ० येतो आणि फेल झालेली रात्र पास दिसते! म्हणून पायटेस्टच्या लगेच खालच्या ओळीत तो ‘आरसी’ अशा स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. ही ओळ ‘इफ’च्या कंसात नको. कंसातला अख्खा मजकूर विंडोज आधीच वाचून घेतं, त्यामुळे जुनाच आकडा मिळतो.

त्यानंतर खुशाल लॉग कॉपी करा, अडकलेला क्रोमड्रायव्हर (टेस्टसाठी क्रोम ब्राउझर चालवणारा प्रोग्राम) ‘टास्ककिल’ने बंद करा. ‘पॉज’ मात्र कुठेही नको, रात्री की दाबायला कोणी नसतं. शेवटची ओळ ‘एक्झिट स्लॅश बी’ आणि टक्क्यांच्या चिन्हांत ‘आरसी’. सकाळी शेड्यूलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये शून्याखेरीज काहीही दिसलं, तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मार्केट यार्डात अडत्यांकडे पाठवायची नाही.