झुरळांवर बोरिक पावडर: माझा अनुभव
ओट्याखाली स्प्रे मारला की थोडे दिवस शांतता, मग पुन्हा तेच. फवारा अंड्यांच्या कोशाला फारसा बाधत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या एका कोशात ३०-४० अंडी असतात! शेवटी बोरिक पावडर, कणीक आणि पिठीसाखर दुधात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. फ्रिजमागे, सिलिंडरच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बिजागरीपाशी ठेवल्या. (लहान मुलं, मांजर पोचणार नाहीत अशाच जागी. घरगुती असलं तरी पोटात गेलं की विषच.) सिंकच्या पाइपभोवतीची फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. रात्री ओटा आणि सिंक कोरडं पुसणं कंटाळवाणं, पण माझ्या मते निम्मं काम त्यानंच झालं. झुरळांना अन्नापेक्षा पाण्याची ओढ जास्त. फरक दिसायला काही आठवडे लागले. गोळ्या वाळल्या की बदलतो.