ब्लॉक घेतल्याशिवाय निघू नका : जठर आणि अन्ननलिकेच्या कर्करोगातील मार्कर तपासणीची तयारी

वडिलांना जठराचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) असल्याचे कळले, तेव्हा मी रिपोर्ट आणि रंगवलेल्या स्लाइड घेऊन साताऱ्याहून मुंबई गाठली. मात्र ज्यावर पुढच्या साऱ्या चाचण्या व्हायच्या होत्या, तो पॅराफिनचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवलेली वडी) गावाकडच्या लॅबच्या कपाटातच राहिला. तो आणून तपासणी सुरू होईपर्यंत नऊ दिवस गेले.

आधार कार्ड, जुने रिपोर्ट, उपाशीपोटी जाणे हे सर्वांना माहीत असते. एंडोस्कोपीपूर्वी मात्र डॉक्टरांशी बोलून घ्या की, मार्कर (औषध निवडायला मदत करणारी गाठीतील प्रथिने) तपासायचे असल्याने गाठीचे तुकडे किमान ५, जमल्यास ६ ते ८ घ्यावेत. जठराच्या गाठीत हर-टू हे प्रथिन सर्वत्र सारखे नसते. एका तुकड्यात ते सापडते, शेजारच्या तुकड्यात सापडत नाही. तुकडे तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडावेत, ६ ते ७२ तास त्यात राहावेत आणि वेळ फॉर्मवर लिहिलेली असावी.

आता ब्लॉक. रंगवलेली स्लाइड निदान पडताळण्यासाठी असते; मार्करसाठी ब्लॉकमधून सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे नवे काप काढावे लागतात. ‘कोऱ्या स्लाइड नेल्या तर चालेल’ असे कोणी सांगितले तरी ब्लॉकच मागा, कारण कापून फार दिवस ठेवलेल्या स्लाइडवर पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवताना पाहिले जाणारे प्रथिन) फिके पडू शकते. लेखी अर्ज द्या, ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा आणि ब्लॉक हातात आल्यावरच गाडीचे तिकीट काढा. बर्फाची गरज नाही, पण पॅराफिन उष्णतेने वितळते. उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका.

चाचण्या एकत्रच सांगा. दर वेळी ब्लॉक यंत्रावर चढवला की पृष्ठभाग समतल करण्यात ऊतक वाया जाते, आणि एंडोस्कोपीचा तुकडा असतो तांदळाच्या दाण्याएवढा. पसरलेल्या ॲडिनोकार्सिनोमात हर-टू, एमएमआरची (डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची) चार प्रथिने, पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२ (पेशींच्या पटलावरचे प्रथिन) यांविषयी विचारा. हर-टूच्या रंगाची श्रेणी ० ते ३+ अशी देतात. २+ आले तर तो निकाल अपुरा आहे, फिश चाचणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) लागतेच. ३+ ला ती लागत नाही. क्लॉडिनसाठी ७५ टक्के वा अधिक कर्कपेशींच्या पटलावर मध्यम ते गडद रंग दिसावा लागतो, त्यामुळे नुसता ‘पॉझिटिव्ह’ शब्द स्वीकारू नका, टक्केवारी मागा. पीडी-एल१ चा सीपीएस (पीडी-एल१ असलेल्या पेशींवरून काढलेला गुणांक) आकड्यातच हवा. अन्ननलिकेचा कर्करोग स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींचा) असेल, तर हर-टू सहसा करत नाहीत, पीडी-एल१ करतात.

रिपोर्टच्या दोन प्रती घ्या. ट्रास्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधानंतर आजार वाढला, तर हर-टू पुन्हा तपासावे का, हे विचारा, कारण ते नाहीसे झालेले असू शकते. आणि काम संपले की उरलेला ब्लॉक पावतीसह परत घ्या. तो तिथे राहू देऊ नका.