प्रो सायकलिंगमध्ये जाताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे स्वतःची तुलना स्लोव्हेनियाच्या स्टार सायकलपटू तदेय पोगाचारशी करत बसणं. तो २०२० ला २१ व्या वर्षी टूर द फ्रान्स जिंकला, त्याच्या आदल्या वर्षी कोलंबियाचा एगान बर्नाल २२ व्या वर्षी, आणि बेल्जियमचा रेम्को एवेनेपूल तर ज्युनियरमधून थेट वर्ल्डटूरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीलाच गेला, तेव्हापासून टीम आणि एजंट सतरा वर्षांच्या पोरांच्या मागे लागलेत आणि पोरांना वाटायला लागलं की विसाव्या वर्षापर्यंत काही झालं नाही तर आपण संपलो. अरे ते अपवाद आहेत! २३ वर्षांखालच्या रेसमध्ये दोन-तीन वर्षं घालवली तर काही बिघडत नाही.

दुसरी चूक, न विचारता सही करणं. वर्ल्डटूरमध्ये नवख्याला किमान दोन वर्षांचा करार मिळतो. ऐकायला बरं वाटतं, पण पहिलं वर्ष शिकण्यात जातं आणि दुसऱ्या वर्षी १ ऑगस्टला ट्रान्सफर, म्हणजे टीम बदलण्याचे करार, उघडतात, त्याआधी काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि तुमचं काम काय तर लीडरला बाटल्या आणून देणं, ते रिझल्टच्या यादीत कुठे दिसतच नाही. म्हणून सही करतानाच विचारा, माझं काम नेमकं काय आणि ते मोजणार कसं.

वजन. चढावर फायदा होतो म्हणून जेवण तोडतात, मग पॉवर पडते, झोप उडते, सारखी सर्दी, मुलींची पाळी थांबते. आणि यावर उपाय म्हणून काय करतात, तर ट्रेनिंग वाढवतात!! उलटं करा, आधी पोटभर खा, आराम करा, स्पोर्ट्स डॉक्टरला दाखवा, पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) आठवडाभर कपाटात राहिला तरी चालेल.

शेवटची, गप्प बसणं. ब्रिटनचा लिओ हेटर २०२२ ला २३ वर्षांखालची जिरो (इटलीची मोठी रेस) जिंकला, मोठ्या टीमला गेला, आणि २०२४ ला त्याने स्वतःच सांगितलं की डिप्रेशनमुळे थांबतोय. नेदरलँड्सचा टॉम डुमुलान २०२१ च्या जानेवारीत टीमचा कॅम्प सोडून घरी गेला, त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं (एकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) सिल्व्हर आणलं. सुट्टी घेतली की सगळं ठीक होतं असं मात्र नाही हां, पुढच्याच वर्षी तो रिटायर झाला. त्यामुळे रोज सकाळी सायकल बघून पोटात गोळा यायला लागला तर सीझन संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात कोणाशी तरी बोला, आणि शक्यतो अशा माणसाशी जो टीमच्या पगारावर नाही.