कार्यक्रम झाला, साडी मिळाली. आता व्हिडिओ आणि पुरावे जमा कसे करायचे

फेब्रुवारीत एका साडीच्या दुकानानं आम्हा नऊ जणींना नाशिकहून येवल्याला नेलं होतं. सकाळी एका विणकराच्या घरी माग बघायचा, दुपारी जेवण, संध्याकाळी नव्या दुकानाचं उद्घाटन आणि निघताना प्रत्येकीला एक साडी. बदल्यात आम्ही इन्स्टाग्रामवर दुकानाची जाहिरात करायची आणि ती केल्याचे पुरावे, दुकानासाठी हे काम बघणाऱ्या एजन्सीच्या फॉर्ममध्ये भरायचे. परतीच्या गाडीत सगळ्या खुशीत होत्या. चार दिवसांनी त्यातल्या तिघींचे मला फोन आले. एकीची स्टोरी पुरावा न घेताच उडाली होती, दुसरीच्या रीलचा आवाज बंद झाला होता आणि तिसरी फॉर्म उघडून बसली होती, पण त्यात काय भरायचं हेच तिला कळत नव्हतं. मी सहा वर्षं साड्यांवर व्हिडिओ करते आहे. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात जाण्याच्या आदल्या दिवशी करायची. एजन्सीची मेल लांबलचक असते आणि महत्त्वाच्या गोष्टी तिच्यात विखुरलेल्या असतात. मी ती वाचून माझ्या शब्दांत एक व्हॉट्सॲप मेसेज लिहिते आणि त्यांच्याकडून होकार घेते. येवल्याच्या वेळचा मेसेज असा होता: "ताई, एकदा बघून घ्या. एक रील, तीन स्टोऱ्या, एक फोटोंची पोस्ट. कच्चा व्हिडिओ ४८ तासांत तुमच्याकडे, तुमचा होकार आल्यावर दोन दिवसांत पोस्ट. मोबदला ६००० रुपये आणि साडी. रील निदान ९० दिवस काढायची नाही. तुम्ही ती जाहिरात म्हणून किती दिवस चालवणार ते कळवा." शेवटचं वाक्य विसरू नका. आपला चेहरा वापरून दुकान किती महिने जाहिरात करणार हे आधी ठरलं नाही, तर नंतर बोलायला जागाच राहत नाही. मला "सहा महिने" असं उत्तर आलं आणि ते मी जपून ठेवलं.

कार्यक्रमात काय टिपायचं ते प्रत्येकीची नजर ठरवते, त्यावर मी जास्त बोलत नाही. दोनच गोष्टी सांगते. फोन उभा धरा आणि ज्याचं काम दाखवणार आहात त्याची परवानगी कॅमेऱ्यासमोर बोलून घ्या. विणकरदादांना मी विचारलं, "दादा, तुमचे हात आणि चेहरा दोन्ही दाखवले तर चालेल ना?" ते "चालेल की" म्हणाले, तो सहा सेकंदांचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. मागाचा आवाज वेगळा रेकॉर्ड केलात तर पुढे फार उपयोगी पडतो. का, ते गाण्याचा विषय निघेल तेव्हा सांगते.

घरी आल्यावर, कितीही दमलेलं असलं तरी, त्याच रात्री सगळे व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवायचे. त्या रात्री मी भेट मिळालेली साडीही उलगडून बघितली, आणि हा भाग मला सावकाश सांगायचा आहे.

सकाळी दादांनी मागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून दाखवला होता. मागच्या बाजूलाही मोर पुढच्याइतकाच स्वच्छ होता. हातानं विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या वेगळ्या कांडीवरून येतो आणि त्याची जागा संपली की शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतात, म्हणून पाठीमागे धागे लोंबत नाहीत. मला मिळालेल्या साडीचा पदर मी दिव्याखाली उलटा केला तेव्हा मोराच्या मागे आडवे सुटे धागे कापलेले दिसले. साडी यंत्रमागाची होती. चांगली होती, रंगही सुरेख होता, पण यंत्रमागाचीच. आणि एजन्सीनं दिलेल्या वाक्यांत लिहिलं होतं, "माझ्या अंगावरची ही अस्सल हातमागाची पैठणी."

मी रात्री साडेअकराला मेसेज केला: "ताई, सकाळी बघितली ती हातमागाची, मला मिळालेली यंत्रमागाची. माझा व्हिडिओ बघून एखादी बाई लेकीच्या लग्नाला साडी घेईल, तिला मी चुकीचं सांगू शकत नाही. दोन्ही साड्या वेगवेगळ्या दाखवते आणि नावानिशी सांगते. चालेल का?" सकाळी उत्तर आलं, चालेल. म्हणून सांगते, दिलेलं प्रत्येक वाक्य हातातल्या वस्तूशी ताडून बघा आणि खटकलं तर पोस्ट करण्याआधीच लेखी कळवा. हा नुसता मनाचा प्रश्न नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसं घडल्यास ५० लाखांपर्यंत, आणि वस्तूची शिफारस करणारी व्यक्तीही त्यात येते.

कच्चा व्हिडिओ पाठवताना तो व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखा टाकू नका. तो दाबला जातो, जरीची चमक चिखलासारखी दिसते आणि मग "क्वालिटी नाही" म्हणून परत येतो. ड्राइव्हची लिंक द्या आणि "लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल" हे चालू केलंय ना ते तपासा. सोबत कॅप्शनही द्या, म्हणजे दोन्हीवर एकदाच होकार मिळतो. बदल किती वेळा करून देणार हेही आधी ठरवा. मी दोनदा करते.

आता जाहिरातीच्या पाटीबद्दल, म्हणजे ही जाहिरात आहे हे सांगणाऱ्या शब्दाबद्दल. पैसे, साडी, फुकट प्रवास, फुकट जेवण, यातलं काहीही घेतलं असेल तर बघणाऱ्याला ते कळलं पाहिजे. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही सूचना काढल्या. घरातल्या भाषेत सांगायचं तर असं: "जाहिरात" किंवा "प्रायोजित" हा शब्द कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत हवा, "आणखी वाचा" दाबायला लागू नये. हॅशटॅगच्या गर्दीत तो लपवायचा नाही. व्हिडिओत तो दिसलाही पाहिजे आणि बोललाही पाहिजे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत पाटी निदान तीन सेकंद हवी, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. म्हणजे एक मिनिटाच्या रीलला २० सेकंद. मी पूर्ण वेळ ठेवते, मोजत बसावं लागत नाही. पाटी व्हिडिओच्याच भाषेत चालते, त्यामुळे मराठीत बोलत असाल तर सरळ "जाहिरात" लिहा. नुसतं "अमुक दुकानाचे आभार" पुरत नाही.

पूर्वी एका एजन्सीनं मला पाटी काढायला सांगितलं होतं, कारण काय तर "पाटीनं व्ह्यूज पडतात." मी काढली नाही. पैसे दोन महिने उशिरा आले, पण आले. माझ्या पानावरच्या बायका मला साडी घेण्याआधी विचारतात, त्यांचं ते विचारणं मला कुठल्याही व्ह्यूजपेक्षा मोलाचं आहे.

पोस्ट करताना इन्स्टाग्रामची स्वतःची "पेड पार्टनरशिप" खूण लावा, दुकानाला तिथे जोडा आणि कोलॅबचं आमंत्रण पाठवा, म्हणजे रील दोघांच्याही पानावर दिसते. त्यांनी ते स्वीकारलं का हे फोन करून विचारा, नाहीतर रील फक्त तुमच्याच पानावर राहते आणि दुकानवाले म्हणतात, आम्हाला दिसलीच नाही. दुकानाचं खातं टॅग करताना अक्षर न् अक्षर तपासा. सारख्या नावाची तीन खाती असतात.

गाण्याचं तर नक्की लक्षात ठेवा. गाजलेली सिनेमातली गाणी आपल्या खासगी व्हिडिओंसाठी असतात, जाहिरातीसाठी नाहीत. प्रायोजित रीलवर ती टाकली की आवाज बंद होऊ शकतो, माझ्या मैत्रिणीचं तेच झालं. इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, नाहीतर प्रत्यक्ष तिथला आवाज. मी मागाची ती खट्-खट् ठेवली आणि वर माझं बोलणं.

स्टोरी २४ तासांत जाते. म्हणून फोनमध्ये दोन गजर लावा: टाकल्यावर लगेच एक आणि २२ तासांनी दुसरा. पहिल्या वेळी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, टॅग आणि लिंक दिसेल असं. दुसऱ्या वेळी किती जणांनी बघितली त्याचा स्क्रीनशॉट घ्या. सेटिंगमध्ये स्टोरी आर्काइव्ह चालू ठेवा, चुकलंच तर तिथे सापडते.

मग फॉर्म. तो शेवटच्या दिवशी रात्री भरू नका. लिंक कॉपी केल्यावर प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचं शेपूट पुसून टाका आणि राहिलेली लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. खातं प्रायव्हेट असेल तर समोरच्याला काहीच दिसत नाही. स्क्रीनशॉटना नावं द्या, जसं "स्टोरी १, २२ तास", "रील, ७ वा दिवस". एजन्सीकडे तुमच्यासारख्या पन्नास जणींचे फोटो येतात, त्यात "स्क्रीनशॉट" नावाच्या दहा फाइली पाठवल्या तर शोधणारी मुलगी तरी काय करणार? आकडे खरे द्या, कमी असले तरी. माझ्या येवल्याच्या रीलला अपेक्षेच्या निम्मेच लोक आले, मी तेच लिहिलं.

बिल फॉर्मसोबतच जोडायचं. त्यावर नाव, पत्ता, पॅन, बँकेचा तपशील, कामाची तारीख आणि काय काय केलं त्याची एकेक ओळ. भेटवस्तूचंही लक्षात असू द्या: १ जुलै २०२२ पासून, एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात मिळालेल्या अशा वस्तू आणि सोयींची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली की त्यावर १० टक्के कर कापायचा नियम आहे. वापरून परत केलेली वस्तू त्यात धरत नाहीत. महागडी पैठणी किंवा फोन मिळाला तर हे आधीच विचारा. मी एका वहीत तारीख, देणारा आणि किंमत लिहिते, मार्चमध्ये सीएकडे तीच वही जाते.

उशीर होणार असेल तर मुदत संपायच्या आदल्या दिवशी कळवा आणि नवी तारीख स्वतःच द्या. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी दोन ओळींचा मेसेज केला होता: "घरी आजारपण आहे. कच्चा व्हिडिओ शुक्रवारऐवजी सोमवारी दुपारी बारापर्यंत देते." कुणी एक शब्द बोललं नाही.

जमा केल्यावर "मिळालं" असं लेखी उत्तर येईपर्यंत फोनमधलं काही पुसू नका. ते आलं की रीलची लिंक विणकरदादांना पाठवा, त्यांचे हात त्यात आहेत. आणि दुकानाला दिलेले सहा महिने ज्या दिवशी संपतात ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. माझी २० ऑगस्ट आहे, त्या दिवशी जाहिरात अजून चालू दिसली तर मला पुन्हा एक मेसेज करायचा आहे.